वर्नर सिंड्रोममधील पायाची पुनर्रचना शस्त्रक्रिया : जपानमध्ये खर्चाच्या साहाय्यासाठी अर्ज

वर्नर सिंड्रोम या अकाली वार्धक्याच्या आनुवंशिक विकाराचे सर्वाधिक रुग्ण जपानमध्ये नोंदले गेले आहेत. त्वचा पातळ व ताठ होते, तिच्याखालची चरबी झिजते, ऊतींमध्ये कॅल्शियम साचते आणि टाच, घोटा किंवा अकिलीस कंडरेजवळ (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरासारख्या ऊतीजवळ) पडलेली जखम वर्षानुवर्षे भरत नाही. मृत ऊती काढणे, त्वचारोपण, प्रसंगी शरीराच्या दुसऱ्या भागातील ऊती रक्तवाहिन्यांसह आणून जोडणे, असे हे उपचार दीर्घकाळ चालतात.

हा विकार जुलै २०१५ पासून शासनाच्या निर्दिष्ट दुर्धर आजारांच्या यादीत १९१व्या क्रमांकावर आहे. निदानाचे निकष आणि आजाराची ठरवून दिलेली तीव्रता, दोन्हींची पूर्तता झाल्यास रुग्ण उपचारखर्चाच्या शासकीय साहाय्यास पात्र ठरतो. तीव्रता कमी असली, तरी मागील बारा महिन्यांत किमान तीन महिने दरमहा एकूण वैद्यकीय खर्च ३३,३३० येनपेक्षा अधिक झाला असल्यास अर्ज करता येतो. नागरिकत्वाची अट नसल्याने तेथे रहिवासी नोंदणी व आरोग्य विमा असलेले मराठी कुटुंबही पात्र ठरू शकते.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे निर्दिष्ट, म्हणजे शासनाने या कामासाठी नेमलेल्या, डॉक्टरांनीच भरलेले वैद्यकीय तपासणीपत्र. त्यासोबत अर्ज, रहिवासी दाखला, कराचा दाखला आणि विम्याचा पुरावा होकेन्जो या स्थानिक आरोग्य केंद्रात द्यावा लागतो. शस्त्रक्रिया ठरताच अर्ज करावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते; कारण ऑक्टोबर २०२३ पासून डॉक्टरांनी तीव्रता निश्चित केल्याच्या दिवसापर्यंत साहाय्य मागे नेता येत असले, तरी ती मुदत साधारणतः अर्जापूर्वीच्या एका महिन्याचीच असते आणि रुग्णालयात दाखल असण्यासारख्या अपरिहार्य कारणानेच ती तीन महिन्यांपर्यंत वाढते.

मंजुरीनंतर एरवी तीस टक्के असणारा रुग्णाचा वाटा वीस टक्के होतो आणि उत्पन्नानुसार मासिक कमाल मर्यादा लागू होते. मध्यम उत्पन्नगटांसाठी ती १०,००० किंवा २०,००० येन आहे. रुग्णालय, औषधालय आणि घरी येणाऱ्या परिचारिकेची सेवा यांचा खर्च त्या मर्यादेत एकत्र मोजला जातो. मात्र उपचार निर्दिष्ट संस्थेतच झालेले असावेत. तपासणीपत्राचे शुल्क, स्वतंत्र खोलीचे जादा भाडे आणि पायासाठी खास बनवलेली साधने यांना हे साहाय्य मिळत नाही. साधनांसाठी अपंग कल्याण कायद्याखाली नगरपालिकेकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि दुर्धर आजाराच्या रुग्णाला तो अपंगत्वाच्या ओळखपुस्तिकेशिवायही करता येतो. साहाय्याच्या प्रमाणपत्राची मुदत साधारणतः एक वर्षाची असल्याने जखम भरत आली, तरी नूतनीकरणाची तारीख चुकवू नये.