विलापस्तोत्र

संकटातल्या माणसाने किंवा समाजाने थेट देवालाच उद्देशून म्हटलेली, गाऱ्हाणे आणि भरवसा एकत्र असलेली प्रार्थना. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश या प्रकारची आहेत. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी त्यांचे वैयक्तिक आणि सामुदायिक असे दोन वर्ग पाडले.

हाक, गाऱ्हाणे, मागणे, भरवसा आणि स्तुतीचा नवस ही या स्तोत्रांची नेहमीची अंगे. त्यांचा क्रम मागेपुढे होतो. अवघ्या सहा वचनांच्या तेराव्या स्तोत्रात ती सगळी सापडतात. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा सवाल चारदा येतो: देव कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, मनाला घोर कुठवर, शत्रू वरचढ कुठवर. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणे आहे आणि त्याची कारणेही आहेत: डोळ्यांना तेज दे, नाहीतर मी मरेन आणि वैरी आनंदेल. पाचव्या वचनात एकदम भरवसा, सहाव्यात गाणे. मधल्या काळात परिस्थिती पालटल्याचा एक शब्दही नाही.

हे वळण कशामुळे येते? जर्मन अभ्यासक योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये सुचवले, की प्रार्थना ऐकली गेल्याचे आश्वासन मधेच याजक (मंदिरातला पुरोहित) देत असावा. स्तोत्रांत तसे लिहिलेले नाही, त्यामुळे हा तर्कच आहे. पण पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातील हन्नेचा प्रसंग त्याला जवळचा आहे. मूल नाही म्हणून ती शिलो येथील मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही, म्हणून एली याजकाला ती प्यालेली वाटते. खरे कळल्यावर ‘शांतीने जा’ असे तो सांगतो. ती जाते, जेवते, तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. गर्भ मात्र अजून राहिलेला नसतो. ऐकले जाणे आणि हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विलापस्तोत्रातला भरवसा पहिलीवर उभा असतो.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. त्यात नवस नाही, स्तुती नाही. तरी बोलणारा रात्रंदिवस हाक मारतो ती आपल्या तारणाऱ्या देवालाच. हे स्तोत्र संग्रहातून गाळले गेले नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे.

वाचताना दोन चुका हमखास होतात. गाऱ्हाणे म्हणजे अविश्वास समजून लोक थेट स्तुतीकडे उडी मारतात. मग दुःख बोलायचेच राहते आणि स्तुती तोंडदेखली होते. दुसरी चूक, प्रत्येक संकटामागे पाप शोधण्याची. चव्वेचाळीसावे स्तोत्र स्पष्ट म्हणते, की आम्ही तुला विसरलो नव्हतो, तरी हे आमच्यावर आले. उत्तर मागितल्यासारखेच येते असेही नाही: शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून येशूचा प्रेषित पौल याने तीनदा विनवले, काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळाले.

ग्रीक व लॅटिन परंपरेत बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने कमी असतो, म्हणून तिथे तेरावे ते बारावे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी ख्रिस्ती मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमानुसार मठांत दर आठवड्याला १५० स्तोत्रे पूर्ण म्हटली जात, म्हणजे ज्याच्यावर संकट नाही तोही ही गाऱ्हाणी इतरांसाठी म्हणत असे.