जागतिक तापमानवाढ

पृथ्वीच्या पृष्ठभागालगतची हवा आणि सागरांचे पाणी यांचे सरासरी तापमान दशकानुदशके वाढत जाण्याच्या घटनेस जागतिक तापमानवाढ म्हणतात. एखाद्या वर्षीचा कडक उन्हाळा किंवा एखाद्या प्रदेशातील उष्णतेची लाट म्हणजे तापमानवाढ नव्हे. संपूर्ण पृथ्वीची, अनेक वर्षांची सरासरी काढल्यावर जो बदल उरतो, त्याला ही संज्ञा लावतात. १८५० ते १९०० या काळाची सरासरी पायाभूत धरली, तर २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ °से.ने अधिक तापलेली होती. २०२४ या एका वर्षात ही वाढ सुमारे १.५५ °से.पर्यंत गेली आणि उपकरणांनी नोंदी घेणे सुरू झाल्यापासूनचे ते सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एक-दीड अंश हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना आणि उत्तर अमेरिका व उत्तर युरोपचा मोठा भाग प्रचंड हिमस्तरांखाली असताना, पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळापेक्षा केवळ पाच ते सात अंशांनीच थंड होती, हे ध्यानात घेतले म्हणजे एका अंशाचे मोल कळते.

सूर्याकडून येणारा प्रकाश वातावरणातून बराचसा आरपार येतो व जमीन आणि पाणी तापवतो. तापलेला पृष्ठभाग ही ऊर्जा अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या, रूपाने परत फेकतो. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे वायू हे किरण शोषून घेतात आणि त्यांतील काही उष्णता पुन्हा खाली पाठवतात. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात. (हे नाव तितकेसे अचूक नाही, काचेचे हरितगृह उबदार राहते ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर निसटू शकत नाही म्हणून.) हा परिणाम मुळात उपकारक आहे. तो नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५ °से.ऐवजी उणे १८ °से.च्या आसपास राहिले असते. प्रश्न आहे तो माणसाने या आवरणात घातलेल्या भरीचा.

या विषयाचे ज्ञान अलीकडचे आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. वातावरण उष्णता धरून ठेवते, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२४ मध्ये मांडली. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात साध्या हवेच्या नळीपेक्षा जास्त तापते, हे अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्ये प्रयोगाने दाखवले आणि जॉन टिंडल यांनी १८५९ पासून निरनिराळ्या वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता मोजली. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने गणिते करून, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान पाच ते सहा अंशांनी वाढेल, असा अंदाज दिला. आजचा सर्वमान्य अंदाज सुमारे ३ अंशांचा आहे. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईमधील मौना लोआ पर्वतावर या वायूचे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा त्याचे प्रमाण हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले असता, गेल्या ८ लाख वर्षांत ते कधीही ३०० च्या फारसे पलीकडे गेले नसल्याचे दिसते.

कारणे : दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे ज्वलन हे तापमानवाढीचे प्रमुख कारण होय. त्यातून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जंगलतोडीमुळे झाडांत व मातीत साठलेला कार्बन मोकळा होतो, ती भर वेगळी. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजली की तिच्यातूनच हा वायू सुटतो, त्यामुळे भट्टीला स्वच्छ इंधन दिले तरी उत्सर्जन पुरते थांबत नाही. मिथेन हा गुरांच्या पचनक्रियेतून, पाणी साचलेल्या भातशेतीतून, कचऱ्याच्या ढिगांतून आणि तेल व वायूच्या गळतीतून येतो. तो हवेत सुमारे १२ वर्षेच टिकतो. पण २० वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० टनांइतकी उष्णता अडवतो. नायट्रस ऑक्साइड मुख्यतः नत्रयुक्त खतांतून येतो. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र आणि तापमानवाढ यांची अनेकदा गल्लत होते. या दोन निराळ्या समस्या आहेत, जरी ओझोनचा नाश करणारे काही शीतक वायू उष्णताही अडवत असले तरी.

सूर्य किंवा ज्वालामुखी यांमुळे हे घडत असेल का, ही शंका रास्त आहे आणि तिची कसून तपासणी झालेली आहे. सूर्य अधिक तापला असता, तर वातावरणाचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात तपांबर हा सर्वांत खालचा थर तापत असून त्यावरचा स्थितांबर हा थर थंड होत आहे, आणि उष्णता खालीच अडवली जात असल्याची ही नेमकी खूण आहे. ज्वालामुखींतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मानवी उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. उलट १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकाने उडालेल्या गंधकयुक्त कणांनी पृथ्वी वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने थंड केली. शिवाय हवेतील कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंचे, बदलते प्रमाण हा कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पुरलेल्या वनस्पतींचा असल्याचे दाखवते. कारणाविषयी आता संदिग्धता उरलेली नाही.

तापमानवाढीविषयीची बरीच चर्चा एका गोष्टीकडे दुर्लक्ष करते: तापमान यंदाच्या उत्सर्जनावर ठरत नाही, ते आजवरच्या एकूण साठ्यावर ठरते. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक भाग वनस्पती, माती व सागर शोषून घेतात. उरलेला हवेत राहतो आणि त्यातील काही अंश हजारो वर्षे टिकतो. एकूण सोडलेल्या दर १ लाख कोटी टनांमागे तापमान सुमारे ०.४५ अंशाने वाढते. म्हणून वार्षिक उत्सर्जन निम्म्यावर आणले, तरी पृथ्वी थंड होत नाही, फक्त तापण्याचा वेग मंदावतो. वाढ थांबते ती निव्वळ उत्सर्जन, म्हणजे माणसाने हवेत सोडलेल्या वायूतून त्याने परत काढून घेतलेला वजा केल्यावर उरणारे उत्सर्जन, शून्यावर आल्यावरच. ‘निव्वळ शून्य’ हे ध्येय या गणितातून आले आहे.

एकदा सुरू झालेली वाढ स्वतःला बळही देते. हवा १ अंशाने तापली, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि बाष्प हाही हरितगृह वायू असल्याने वाढ आणखी तीव्र होते. पांढरा बर्फ वितळून काळसर समुद्र उघडा पडला की तो परावर्तनाऐवजी उष्णता शोषू लागतो. उत्तर ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या तीन ते चारपट वेगाने तापण्याचे हे एक मोठे कारण आहे.

परिणाम : वाढलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक सागरांत गेली आहे, हवेत जाणवते ती थोडीशीच. पाणी तापून प्रसरण पावणे आणि जमिनीवरचा बर्फ वितळणे या दोन कारणांनी १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी सुमारे २० सेंमी. वाढली आणि आता हा वेग पूर्वीपेक्षा बराच जास्त आहे. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढत नाही. चिंता आहे ती जमिनीवरच्या हिमस्तरांची. एकट्या ग्रीनलंडचा हिमस्तर पूर्ण वितळला, तर पातळी सुमारे ७ मी.ने वाढेल. त्याला अनेक शतके लागतील, पण त्याची सुरुवात झालेली आहे. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने सागराचे पाणी अधिक आम्लधर्मी होते आणि शंखशिंपल्यांना कवच घडवणे जड जाते. प्रवाळांची स्थिती सर्वांत करुण आहे. पाणी जास्त काळ तापलेले राहिले, की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारी व आपल्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवले बाहेर टाकतात, पांढरेफटक पडतात आणि बहुधा उपासमारीने मरतात. १.५ अंश वाढीला ७० ते ९० टक्के प्रवाळ भित्ती नष्ट होतील, तर २ अंशांना जवळजवळ सर्वच, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अर्ध्या अंशाचा हा फरक आहे.

जमिनीवर एकाच कारणाचे दोन परस्परविरोधी परिणाम दिसतात. तापलेली हवा जमिनीतील ओलावा अधिक ओढून घेते, त्यामुळे अवर्षण तीव्र होते. आणि तेच बाष्प जेव्हा खाली येते, तेव्हा कमी वेळात धो धो पाऊस कोसळतो. माणसाचे शरीर घाम वाळवून थंड होते, म्हणून उष्णतेला दमटपणाची जोड मिळाली की निरोगी माणूससुद्धा सावलीत धोक्यात येऊ शकतो. उघड्यावर श्रम करणारे, वृद्ध आणि लहान मुले यांना त्याची झळ आधी बसते. सजीवांच्या जीवनक्रमांचा मेळही बिघडतो: समुद्री कासवांच्या पिल्लांचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरत असल्याने अधिक उष्ण किनाऱ्यांवर माद्याच मोठ्या संख्येने जन्माला येत आहेत.

उपाय : पहिला उपाय वीजनिर्मितीतून कोळसा व वायू काढणे हा आहे आणि तो आज आर्थिकदृष्ट्याही शक्य झाला आहे. सौर पट्ट्यांची किंमत २०१० ते २०२० या दशकात सुमारे ९० टक्क्यांनी घटली. ऊन व वारा हुकमी नसल्याने विजेची साठवण, लांब पल्ल्याच्या वाहिन्या, जलविद्युत व अणुऊर्जा यांची जोड लागते. वीज स्वच्छ झाली की वाहतूक व उष्णतेची गरज विजेवर आणणे फायद्याचे ठरते. पेट्रोल इंजिनात इंधनातील बहुतांश ऊर्जा उष्णता बनून वाया जाते, तर विजेच्या मोटारीत ती बहुतांशी चाकांपर्यंत पोहोचते. पोलाद, सिमेंट, विमाने व जहाजे ही क्षेत्रे मात्र अवघड आहेत. मिथेनची गळती रोखणे हा त्वरित फळ देणारा उपाय असून त्याला अद्याप पुरेसे महत्त्व मिळालेले नाही. भातशेतीत सतत पाणी तुंबवून न ठेवता मधूनमधून जमीन सुकू दिली, तर मिथेन बराच घटतो व पाणीही वाचते. वृक्षारोपण इष्टच आहे, परंतु झाडांनी धरलेला कार्बन वणव्यात किंवा तोडीत पुन्हा हवेत जातो, त्यामुळे इंधन जाळत राहून झाडांवर भरवसा ठेवणे ही फसगत होय. उभे जंगल राखणे हे नवे लावण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९२ चा हवामानबदलविषयक करार, १९९७ चा क्योटो करार आणि २०१५ चा पॅरिस करार हे महत्त्वाचे टप्पे आहेत. वाढ २ अंशांच्या बऱ्याच खाली ठेवणे व १.५ अंशांसाठी प्रयत्न करणे, हे पॅरिस कराराचे उद्दिष्ट आहे, पण प्रत्येक देश आपले लक्ष्य स्वतः ठरवतो आणि ते चुकल्यास दंड नाही. जबाबदारीचा प्रश्न त्याहून कठीण आहे. जगातील सर्वाधिक उत्सर्जन करणारी १० टक्के कुटुंबे एकूण उत्सर्जनाच्या ३४ ते ४५ टक्क्यांना कारणीभूत आहेत. ज्या बेटांनी व गरीब देशांनी जवळजवळ काहीच सोडले नाही, त्यांचीच जमीन समुद्र आधी घेत आहे. २०२२ मध्ये अशा हानीच्या भरपाईसाठी निधी उभारण्याचे ठरले, पण गरजेच्या तुलनेत त्यात जमा होणारी रक्कम अत्यल्प आहे.

उत्सर्जन घटवण्याबरोबरच अटळ बदलांशी जुळवून घेणेही आवश्यक आहे: उष्णतेच्या लाटेची पूर्वसूचना, श्रमाच्या वेळांत बदल, ताण सोसणारी पीकवाणे, खारफुटीचे जतन. हवेचे तापमान उत्सर्जन शून्य झाल्यावर काही वर्षांतच स्थिरावेल, असे दिसते. समुद्र मात्र खोलवर तापत राहणार असल्याने त्याची पातळी त्यानंतरही शतकानुशतके वाढत राहील, म्हणून किनाऱ्यावरील बंदरे, घरे आणि विहिरी यांचे नियोजन आजच्या भरतीरेषेवरून करता येणार नाही.