झोपेत दात खाणं : दोष जंतांचा, दातांचा की झोपेचा?

‘पोऱ्या झोपमा दात खास, पोटमा जंत व्हयनात’ हे निदान खान्देशात बहुतेक वेळा घरातली आजीच करते आणि दुसऱ्या दिवशी मेडिकलवरून गोळी येते. जंत असतील तर अल्बेंडाझोल द्यायलाच हवं. दोन वर्षांपुढच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमचा एक डोस. पण जंत पडले म्हणून करकर थांबेलच असं नाही. लहानपणी दात खाण्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं आणि वयाबरोबर बहुतेकांचं आपोआप कमी होतं. श्रेय मात्र गोळीला मिळत राहतं.

दंतवैद्यकानेही दोष असाच भलतीकडे लावला. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कॅरोलींनी हिरड्यांच्या आजाराचं खापर दात घासण्या-आवळण्यावर फोडलं. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये मारी आणि पिएत्किएविच यांनी त्याला ‘ब्रुक्सोमॅनी’ म्हटलं. ‘ब्रक्सिझम’ हे नाव १९३१ पासूनचं. खरं नुकसान त्यानंतरच्या समजुतीने केलं. १९६१ मध्ये अमेरिकेत रॅमफ्योर्ड यांनी निष्कर्ष काढला की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस दात खातो, आणि उंच जागा घासून बसवल्या की ते थांबतं. त्यांच्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, झोपेतली नोंदही नव्हती. तरीही पुढे कित्येक वर्षं धडधाकट दातांवर मशीन फिरत राहिलं. घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही.

१९८४ मध्ये रग या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला. दाढांवर मुद्दाम उंच कॅप बसवल्या आणि रात्री स्नायूंची नोंद घेतली. दात खाणं वाढायला हवं होतं. बहुतेकांचं ते पहिल्या काही रात्री कमीच झालं.

कॅनडातल्या लाविन्य यांच्या गटाने झोपेच्या प्रयोगशाळेत क्रम मांडला. झोप क्षणभर हलकी होते, जबडा हलण्याआधी साधारण चार सेकंद मेंदूच्या लहरी वेगावतात, एक सेकंद आधी हृदयाचे ठोके वाढतात, आणि मग चावण्याचे स्नायू आवळतात. दातांवर दात आपटतात ते सगळ्यात शेवटी. २०१३ आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने काढलेल्या निवेदनांनी हीच दिशा पक्की केली. निरोगी माणसात याला आजार न म्हणता स्नायूंची हालचाल मानलं. तंबाखू, दारू, जास्त चहा-कॉफी, नैराश्यावरची काही औषधं यांनी ती वाढू शकते. घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं सोबत असेल तर आधी झोपेची तपासणी करावी.

आपल्याकडे झीज ओळखताना मिश्री गोंधळ घालते. मिश्रीने किंवा कडक ब्रशने दात गालाच्या बाजूने, हिरडीलगत खचतात. दात खाण्याने सुळ्यांची टोकं सपाट होतात आणि वरच्या-खालच्या दातांवरचे चकचकीत सपाट भाग एकमेकांवर बरोबर बसतात. सकाळी कानशिलं दुखणं, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी कड उठणं, हीही खूण.

उपाय म्हणून रात्री दातांवर लावायला दिली जाणारी प्लेट सवय मोडत नाही, दात वाचवते. कडक अॅक्रिलिकची, दोन-तीन मिलिमीटर जाडीची, सगळ्या दातांवर बसणारी हवी. मऊ रबरी प्लेटवर काहीजण जास्तच आवळतात. प्लेट गार पाण्याने धुवावी आणि डबीत थोडं पाणी घालून ठेवावी. गरम पाण्यात, किंवा जळगावच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिली तर ती वाकू शकते. वाकलेली प्लेट एकाच दाढेवर टेकते आणि ती दाढ दुखायला लागते. अशी प्लेट तपासून घेईपर्यंत लावू नये.