४२९ कोटींचं कुंपण

एक्स्चेंजमधून, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडून, स्वतःच्या वॉलेटमध्ये क्रिप्टो ‘पाठवणं’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. बिटकॉइन कुठून निघत नाही की कुठे पोहोचत नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच खातेवहीच्या प्रती असतात आणि त्या वहीत एक नवी नोंद होते: इतकी रक्कम आता अमुक अ‍ॅड्रेसची. ती खर्च करायची तर त्या अ‍ॅड्रेसमागची प्रायव्हेट की लागते. ही की म्हणजे २५६ बिटांची एक अवाढव्य संख्या. वॉलेट ती सांभाळतं, नाणी नाही.

एक्स्चेंजवर असेपर्यंत की कंपनीच्या ताब्यात असते. तुमच्या खात्यात दिसणारा आकडा म्हणजे कंपनी तुमचं किती देणं लागते त्याची नोंद. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइनचा पत्ता नव्हता. त्यातले दोनेक लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं. की स्वतःकडे घेतली की ही धास्ती संपते, पण मग आपल्या चुकीला आपणच धनी. झालेली नोंद मागे फिरवणारं कोणी नसतं.

बहुतेकांना पहिली भीती वाटते ती अ‍ॅड्रेसमधलं एखादं अक्षर चुकण्याची. बिटकॉइनच्या बाबतीत ती जवळजवळ निराधार आहे. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅड्रेसमध्ये शून्य आणि मोठा ओ, तसंच मोठा आय आणि छोटा एल ही गोंधळात टाकणारी चिन्हं मुळातच वगळली आहेत. शिवाय अ‍ॅड्रेसच्या शेवटी ३२ बिटांचा चेकसम असतो, म्हणजे आधीच्या मजकुरावरून गणिताने काढलेला पडताळा. अक्षर चुकलं की पडताळा जुळत नाही आणि वॉलेट अ‍ॅड्रेस नाकारतं. चुकलेला अ‍ॅड्रेस योगायोगाने बरोबर ठरण्याची शक्यता २ च्या ३२ व्या घातात एक, म्हणजे सुमारे ४२९ कोटींत एक. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कमध्ये अशी सोय नंतर, २०१६ मध्ये आली. तिथे अक्षरं कुठे मोठी आणि कुठे लहान यातच पडताळा दडवलेला असतो, त्यामुळे सगळी अक्षरं लहान लिहिली तर तो नाहीसाच होतो.

४२९ कोटी हा आकडा लक्षात ठेवा, कारण तोच आता चोराच्या बाजूने येतो.

इथेरियमचा अ‍ॅड्रेस ४० चिन्हांचा आणि प्रत्येक जागी १६ पर्याय. आपण काय तपासतो? पहिली चार, शेवटची चार. या आठ जागांचे पर्याय १६ चा आठवा घात, म्हणजे पुन्हा तेच ४२९ कोटी. प्रत्येक कीपासून एक अ‍ॅड्रेस निघतो, म्हणून चोर नव्या नव्या की बनवत राहतो आणि सरासरी इतक्या प्रयत्नांनंतर त्याला तुमच्यासारखाच दिसणारा अ‍ॅड्रेस मिळतो. एका दमदार ग्राफिक्स कार्डाला यासाठी दिवसभरही लागत नाही. मग त्या अ‍ॅड्रेसवरून तो तुमच्याकडे किरकोळ किंवा शून्य रकमेचा व्यवहार करतो, म्हणजे तो तुमच्या व्यवहारांच्या यादीत जाऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून कॉपी केलंत की काम झालं. मे २०२४ मध्ये एकाने याच सापळ्यात सुमारे ६.८ कोटी डॉलरचे ‘रॅप्ड’ बिटकॉइन, म्हणजे इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप, पाठवले होते, आणि तेही आधी छोटी रक्कम पाठवून खात्री करून घेतल्यावर. त्याचं नशीब थोर, बहुतेक रक्कम परत आली. क्लिपबोर्डवरचा अ‍ॅड्रेस गुपचूप बदलणारे व्हायरस ही याचीच दुसरी तऱ्हा. चोराचा अ‍ॅड्रेस अस्सल असल्यामुळे चेकसमला त्यात काहीच खटकत नाही.

म्हणून अ‍ॅड्रेस दर वेळी वॉलेटच्या ‘रिसीव्ह’ स्क्रीनवरूनच घ्यावा आणि पेस्ट केल्यावर मधली अक्षरंही वाचावीत. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे की सांभाळणारं वेगळं छोटं उपकरण, असेल तर त्याच्या छोट्या पडद्यावरचा अ‍ॅड्रेस खरा मानावा, संगणकाच्या पडद्यावरचा नव्हे. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

हाच आकडा तिसऱ्यांदा भेटतो तो की जन्माला येताना. की ज्यापासून तयार होते ती सीड फ्रेज म्हणजे २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले १२ किंवा २४ शब्द. १२ शब्दांत १२८ बिट यादृच्छिक असतात आणि ४ पडताळ्याचे. त्यामुळे यादीतले कुठलेही १२ शब्द एकापुढे एक मांडले तर सोळांत एखादीच जुळणी वैध निघते. पण ते १२८ बिट खरोखर यादृच्छिक हवेत. २०२३ मध्ये उघड झालं की लिबबिटकॉइन या बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या एका साधनातली की बनवण्याची आज्ञा संगणकाच्या घड्याळातल्या जेमतेम ३२ बिटांवर चालत होती. फ्रेज लांबलचक दिसे, पण शक्य फ्रेज ४२९ कोटीच. चोरांनी त्या एकेक करून तपासल्या आणि वॉलेट रिकामी केली. घड्याळाची वेळ शून्य धरली तर फ्रेजची सुरुवात ‘मिल्क सॅड’ अशी व्हायची, म्हणून या प्रकरणाचं नावच मिल्क सॅड पडलं. तेव्हा शब्द स्वतःच्या मनाने निवडू नयेत, आणि वॉलेटच्या खोक्यातून आधीच छापून आलेली फ्रेज तर हातातही धरू नये, ती आणखी कोणाकडे तरी असतेच.

नेटवर्कची निवड हा तसा छोटा मुद्दा, पण माणसं इथे हमखास अडकतात. यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो, अनेक नेटवर्कवर चालतो आणि प्रत्येक नेटवर्कची खातेवही वेगळी. ट्रॉनचा अ‍ॅड्रेस वेगळाच दिसतो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते. इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी चेन यांचे अ‍ॅड्रेस मात्र एकाच घडणीचे, म्हणून चुकीच्या वहीतही नोंद बिनबोभाट होते. की तुमचीच असेल तर घाबरू नका, वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडलं की रक्कम दिसते. ती हलवायला फी मात्र त्या नेटवर्कच्या नाण्यात लागते. योग्य नेटवर्कवरही, समजा इथेरियमवर, नुसता यूएसडीटी आणला आणि सोबत तिथलं नाणं इथर थोडं ठेवलं नाही, तर तो तिथेच अडकून पडतो.

आता चाचणी. आधी छोटी रक्कम पाठवा. दुहेरी फी जाते ती जाऊ द्या. पण रक्कम आलेली दिसली म्हणजे निम्मीच परीक्षा झाली. यापुढची पायरी लोक टाळतात: वॉलेट पूर्ण पुसून टाकायचं आणि कागदावर लिहिलेल्या शब्दांवरून ते पुन्हा उभं करायचं. शब्दांचा क्रम चुकला असेल किंवा एखादं अक्षर वाचता येत नसेल तर ते इथे कळतं, आणि पणाला लागलेली असते फक्त ती छोटी रक्कम. तीच रक्कम पुन्हा दिसली की ‘रिसीव्ह’ उघडून अ‍ॅड्रेस नव्याने घ्यायचा आणि उरलेली पाठवायची. बिटकॉइन असेल तर वहीत नोंदींचे सहा नवे गठ्ठे (ब्लॉक) जोडले जाईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर थांबावं लागतं.