कर्प्लंक (अल्बम)

कर्प्लंक : ग्रीन डे या अमेरिकन पॉप-पंक (पंक रॉकचा वेग आणि पॉपच्या गुणगुणता येणाऱ्या चाली) बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम. तो कॅलिफोर्नियातील बर्कली येथील लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढला. प्रकाशनाची तारीख कुठे डिसेंबर १९९१, तर कुठे जानेवारी १९९२ अशी दिलेली आढळते. जड वस्तू पाण्यात पडल्यावर होणारा आवाज म्हणजे ‘कर्प्लंक’. मराठीत त्याला सरळ ‘डुबुक’ म्हणता येईल.

या अल्बमचे वेगळेपण समजायला आधी ड्रमवर कोण बसले आहे हे पाहावे लागते. गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग आणि बेसवादक माइक डर्न्ट हे शाळेपासूनचे मित्र. ‘३९/स्मूद’ (१९९०) या पहिल्या अल्बमवर त्यांच्यासोबत जॉन किफमेयर होता. तो कॉलेजसाठी निघून गेला आणि त्याच्या जागी ट्रे कूल आला. लुकआउटचा प्रमुख लॅरी लिव्हरमोर याच्याच ‘द लुकआउट्स’ या बँडमध्ये तो अगदी लहानपणापासून वाजवत असे आणि ‘ट्रे कूल’ हे टोपणनावही लिव्हरमोरनेच ठेवलेले. तिघेही तेव्हा विशीच्या आतले होते. ध्वनिमुद्रण १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्ट ऑफ इअर्स स्टुडिओत, अँडी अर्न्स्टच्या हाताखाली झाले. स्टुडिओ तोच, ध्वनिमुद्रकही तोच; त्यामुळे पहिल्या अल्बमशी तुलना करणे सोपे जाते. किफमेयर ताल धरून ठेवतो. ट्रे कूल मात्र ओळ संपताच मोकळ्या जागेत घुसतो, कडव्यातून ध्रुवपदात गाण्याला अक्षरशः ढकलतो.

गिटारचे काम बहुतांशी पॉवर कॉर्डवर चालते. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज-पंचमाची जोडी. त्यात गांधार नसतो, म्हणून ती ना पुरती मेजर, ना मायनर. तळवा तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि ध्रुवपदाला हात उचलायचा, ही या शैलीची नेहमीची युक्ती येथेही आहे. गिटारने रिकामी सोडलेली गांधाराची जागा मात्र आर्मस्ट्राँगची चाल आणि डर्न्टचा साथीचा आवाज भरून काढतात. वेग पंकचा असूनही गाणे गुणगुणता येते ते त्यामुळे. डर्न्टचा बेस गिटारच्या मागे फरफटत जात नाही, स्वतःची चाल घेऊन फिरतो. ‘नो वन नोज’ची सुरुवात ऐकली की हे लगेच कळते.

सगळीच गाणी एका वेगाची नाहीत. मार्टिनेझ गावाजवळच्या रेल्वेरुळांलगतच्या अड्ड्यावरील ‘क्रिस्टी रोड’ संथपणे सुरू होते आणि पुढे वेग घेते. ‘वर्ड्स आय माइट हॅव एट’मध्ये अकूस्टिक गिटार आहे. ‘डॉमिनेटेड लव्ह स्लेव्ह’ हे ट्रे कूलने लिहून गायलेले कंट्री (अमेरिकन ग्रामीण संगीत) शैलीचे विडंबन. त्यात गिटार त्याच्या हाती आणि ड्रम आर्मस्ट्राँगकडे. गंमत म्हणून ठीक, पण अल्बमची ओघवती लय तेथे तुटते.

सर्वांत परिचित गाणे ‘वेलकम टू पॅरडाइज’. घर सोडून ओकलंडमधील एका पडीक गोदामात राहिल्याच्या अनुभवावर ते बेतलेले आहे. ‘डूकी’ (१९९४) या पुढील अल्बमसाठी रॉब कॅव्हॅलोच्या निर्मितीखाली ते पुन्हा मुद्रित झाले. तेथे प्रत्येक वाद्य स्वच्छ, सुटे ऐकू येते; ‘कर्प्लंक’वर तेच वादन एका छोट्या खोलीत एकमेकांवर आदळल्यासारखे वाटते. गाण्याच्या विषयाला हा गढूळपणाच अधिक शोभतो.

छोट्या स्वतंत्र कंपनीच्या मानाने अल्बमचा खप मोठा झाला आणि बड्या कंपन्यांचे लक्ष बँडकडे वळले. ग्रीन डेने रिप्राइज या बड्या कंपनीशी करार केला. बर्कलीतील ९२४ गिलमन स्ट्रीट या क्लबात बड्या कंपन्यांच्या बँडना मज्जाव असल्याने, जेथे ते घडले तेथलेच दार त्यांना बंद झाले. थकलेल्या मानधनावरून २००५ मध्ये बँडने लुकआउटकडून आपले सुरुवातीचे अल्बम काढून घेतले.

मूळ अल्बममध्ये १२ गाणी आहेत. सीडीवर त्यांच्यामागे ‘स्वीट चिल्ड्रन’ या १९९० च्या ईपीतील (अल्बमहून लहान ध्वनिमुद्रिकेतील) ४ गाणी जोडलेली आहेत, त्यातले एक ‘द हू’ या ब्रिटिश बँडचे. या चारही गाण्यांवर ड्रम किफमेयरचे आहेत. सीडी न थांबवता ऐकली, तर बाराव्या गाण्यानंतर बँड एकदम वर्षभर मागे गेलेला कानाला जाणवतो.