न्यू होरायझन्स यानाची प्लूटोभेट
न्यू होरायझन्स यानाची प्लूटोभेट : नासा या अमेरिकी संस्थेचे न्यू होरायझन्स हे मानवरहित यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोच्या पृष्ठभागापासून सुमारे १२,५०० किमी. अंतरावरून गेले. प्लूटोचे जवळून झालेले हे पहिले आणि आजवरचे एकमेव निरीक्षण होय. क्लाइड टॉम्बॉ यांनी १९३० मध्ये ॲरिझोनातील लोवेल वेधशाळेत त्याचा शोध लावला, तेव्हापासून ८५ वर्षे तो मोठ्या दुर्बिणींनाही अंधुक ठिपक्यापलीकडे फारसा दिसला नव्हता.

हे ४७८ किग्रॅ. वजनाचे यान १९ जानेवारी २००६ रोजी केप कॅनव्हरल येथून निघाले. टॉम्बॉ यांच्या रक्षेचा अंश त्यात ठेवलेला होता. यान वाटेत असतानाच, ऑगस्ट २००६ मध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोची गणना ग्रहांऐवजी बटुग्रहांत केली. फेब्रुवारी २००७ मध्ये गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने यानाचा वेग वाढवला. प्लूटोजवळ तो सेकंदाला सुमारे १४ किमी. होता आणि तो रोखण्याइतके इंधन नेणे शक्य नव्हते. त्यामुळे साडेनऊ वर्षांच्या प्रवासाचे सार्थक अवघ्या काही तासांत व्हायचे होते.

भेटीला दहा दिवस उरले असताना, ४ जुलै रोजी, यानाच्या मुख्य संगणकावर एकाच वेळी दोन कामांचा भार पडला. साठलेली माहिती आकुंचित करणे आणि नवे आदेश स्मृतीत लिहिणे त्याला एकदम झेपले नाही, आणि यान सुरक्षित अवस्थेत, म्हणजे नेहमीची कामे थांबवून केवळ स्वतःला सांभाळण्याच्या अवस्थेत, गेले. संदेश पोहोचायला साडेचार तास व उत्तर यायला तितकेच, अशा स्थितीत मेरीलंडमधील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील चमूने तीन दिवसांत ते पूर्ववत केले. १४ जुलैच्या सकाळी तेथे उलटमोजणी होऊन झेंडे फडकले, टॉम्बॉ यांची मुलेही हजर होती. पण त्या क्षणी यान निरीक्षणांत गुंतलेले असल्यामुळे पृथ्वीशी बोलतच नव्हते. ते सुखरूप असल्याचा संदेश रात्री आला. मोहीम संचालन प्रमुख ॲलिस बोमन यांनी एकेका यंत्रणेचा हवाला घेत तशी घोषणा केली, आणि खरा जल्लोष झाला तो तेव्हा.

छायाचित्रांत सर्वांत मोलाची ठरली ती एक अनुपस्थिती. प्लूटोच्या हृदयाकृती प्रदेशाच्या पश्चिम भागात स्पुटनिक प्लॅनिशिया हे सुमारे १,००० किमी. रुंदीचे, गोठलेल्या नायट्रोजनाचे मैदान आहे आणि त्यावर उल्कापाताचे एकही विवर आढळले नाही. ज्या पृष्ठावर विवरे अधिक ते जुने, या हिशेबाने हे मैदान एक कोटी वर्षांहूनही तरुण ठरते. साडेचार अब्ज वर्षांच्या सूर्यमालेत ते कालपरवाचेच म्हणायला हवे. सुमारे उणे २३० अंश सेल्सिअस तापमानाला इतका लहान गोल केव्हाच निवून निपचित पडला असेल, अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात नायट्रोजनाचे बर्फ मऊ असते. आतल्या उष्णतेने ते मंद गतीने वर येते, थंड होऊन पुन्हा खाली जाते, आणि त्या अभिसरणातून मैदानावर बहुकोनी नक्षी उमटते. ही उष्णता मुख्यतः खडकांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांची असावी. प्लूटो व त्याचा मोठा उपग्रह शॅरन यांची तोंडे कायम परस्परांकडेच असल्याने भरती-ओहोटीच्या ताणामुळे आत होणाऱ्या घर्षणाची उष्णता येथे मिळत नाही. मैदानाच्या काठचे उंच डोंगर पाण्याच्या बर्फाचे आहेत, कारण तेथील थंडीत ते खडकाइतके कठीण असते. त्यांतील एका रांगेला तेनसिंग नोर्गे यांचे, तर दुसरीला एडमंड हिलरी यांचे नाव आहे.

प्लूटोच्या विरळ वातावरणात निळसर धुक्याचे थर दिसले, तर शॅरनच्या उत्तर ध्रुवावर लालसर डाग. प्लूटोवरून निसटलेला मिथेन तेथे गोठून प्रारणांमुळे बदलत गेला असावा, असे मानले जाते. काही तासांत टिपलेली ही माहिती सेकंदाला एक-दोन किलोबिट इतक्याच गतीने पृथ्वीवर येऊ शकत होती. शेवटचा भाग पोहोचला तो ऑक्टोबर २०१६ मध्ये. १ जानेवारी २०१९ रोजी यान प्लूटोपलीकडील ॲरोकॉथ या जोडगोळ्यासारख्या लहान पिंडाजवळून गेले.