मुलांच्या मोबाईलला टाइम लिमिट लावणे, खानदेशातल्या घरांच्या हिशोबाने

मुलाने रोज किती वेळ फोन बघायचा, कोणतं ॲप किती मिनिटं चालायचं आणि रात्री फोन किती वाजता बंद व्हायचा हे आईवडिलांनी फोनच्या सेटिंगमधूनच आधी ठरवून ठेवणं, याला टाइम लिमिट लावणं म्हणतात. वेळ संपली की स्क्रीन लॉक होते आणि परत उघडायला पालकाचा फोन नाहीतर पालकाचा पिन लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बोलताना लोक "फोनले लॉक लावं" एवढंच म्हणतात, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे दिवसभराची एकूण वेळ, दुसरी ॲपनुसार वेळ आणि तिसरी झोपेची वेळ. माझ्या मते तिसरीपासून सुरुवात करावी, कारण रात्रीचं जागरण थांबलं की सकाळची शाळा, डबा, चिडचिड हे बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

आपल्याकडे लहान मुलांच्या हातात फोन आला तो दोन टप्प्यांत. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की शेतात पाणी भरताना पण व्हिडिओ चालू राहायला लागला. मग मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सॲपवर यायला लागला, म्हणजे ज्या घरात पोराने फोनला हात लावला तर आई ओरडायची त्याच घरात "बाळा फोन घे, सरांनी काय पाठवलं बघ" सुरू झालं. शाळा पुन्हा भरल्या पण फोन काही परत बापाच्या खिशात गेला नाही.

सोय कुठे असते ते आधी. अँड्रॉइड फोनसाठी गुगलचं फॅमिली लिंक आहे, ते २०१७ ला आलं, फुकट आहे. त्यात मुलाचं वेगळं गुगल खातं उघडतात आणि ते आईच्या किंवा वडिलांच्या खात्याला जोडतात. मग पालकाच्या फोनवरून वारानुसार वेळ ठरवता येते, म्हणजे सोमवार ते शुक्रवार १ तास आणि रविवारी २ तास असं, झोपेची वेळ लावता येते, एखादं ॲप पूर्ण बंद करता येतं, आणि नवीन गेम टाकायचा तर आधी पालकाच्या फोनवर परवानगीची विनंती येते. फोन लॉक झाला तरी आलेला कॉल उचलता येतो आणि इमर्जन्सी कॉल लागतो, त्यामुळे पोरगं क्लासला गेलंय आणि फोन बंद पडला तर काय ही भीती बाळगू नये. आयफोनला वेगळं काही टाकावं लागत नाही, सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम असतं, ते २०१८ ला आयओएस १२ सोबत आलं, त्याला ४ आकडी वेगळा पासकोड लावायचा. अँड्रॉइडमधलं डिजिटल वेलबीइंग बरेच जण लावतात आणि काम झालं समजतात, पण त्यातला ॲप टायमर ज्याच्या हातात फोन आहे तोच काढून टाकू शकतो. मोठ्या माणसाने स्वतःला आवर घालायला ते बनवलंय, आठ वर्षाच्या पोरासमोर ते टिकत नाही.

आता खरी अडचण. या सगळ्या सोयी मुलाचा स्वतःचा फोन आहे असं धरून बनवल्यात. खानदेशातल्या पुष्कळ घरात फोन घराचा असतो. दिवसा तो बापासोबत कापसाच्या वावरात नाहीतर केळीच्या गाडीवर, संध्याकाळी आईच्या हातात, आणि जेवण होईपर्यंत पोरांच्या हातात, त्याच फोनमध्ये फोनपे, त्याच फोनमध्ये शाळेचा ग्रुप, त्याच फोनमध्ये मार्केटचे भाव. अशा फोनवर मुलाचं खातं टाकून पूर्ण फोनला लिमिट लावलं तर ते बापालाच लागेल. म्हणून इथे दुसरा रस्ता धरावा लागतो. काही फोनमध्ये सेकंड स्पेस किंवा दुसरा युजर, म्हणजे त्याच फोनमधला वेगळा कप्पा, असतो, तिथे फक्त अभ्यासाचं ॲप आणि यूट्यूब किड्स ठेवायचं आणि मुख्य बाजूचा पिन पोराला सांगायचा नाही. ते नसेल तर ॲप पिन करायची सोय बघा, एकच ॲप उघडून ते पडद्यावर अडकवून ठेवता येतं आणि बाहेर पडायला पिन लागतो, आयफोनमध्ये यालाच गाइडेड ॲक्सेस म्हणतात. आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं आधी करून ठेवा, कारण घराच्या फोनला घराचं बँक खातं जोडलेलं असतं आणि गेममधले हिरे विकत घेताना पोराला ते पैसे आहेत असं वाटतच नाही.

दुसरी गोष्ट सुरतची. आपल्या भागातली किती तरी माणसं कामाला सुरतला असतात, उधना, लिंबायतकडे तर गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते. बाप तिकडे, बायको पोरं गावाकडे, आणि पोराला जुना फोन दिलेला म्हणजे रात्री बोलता येईल. फॅमिली लिंक अशा घराला खूप उपयोगी आहे कारण बाप तिकडे बसून इथला फोन बंद करू शकतो. पण भांडण आईच्या समोर होतं हे बापाने लक्षात ठेवायला पाहिजे. अमळनेरच्या आमच्या एका नातेवाइकाकडे मी हे जवळून बघितलंय. साडेनऊला फोन बंद झाला की पोरगा आईवर चिडायचा, मग तिच्याच फोनवरून सुरतला कॉल, "पप्पा अजून दहा मिनिट द्या ना", आणि पप्पा दिवसभर लेकरू दिसलं नाही म्हणून मायेपोटी अर्धा तास बोनस द्यायचे, आणि पुन्हा आई वाईट. शेवटी त्यांनी आईला पण पालक म्हणून जोडलं, तशी सोय फॅमिलीच्या सेटिंगमध्ये आहे, आणि ठरवलं की जादा वेळ फक्त जो घरात आहे तोच देईल. मग महिनाभरात कटकट कमी झाली. बाप लांब असताना त्याला हे अवघड जातं, ते मला समजतं, पण जिथे दोन हात वेगळ्या दिशेने ओढतात तिथे कोणतंच लिमिट चालत नाही. आजीचं पण तेच, आईने फोन काढून घेतला की आजी स्वतःचा देते, म्हणून आजीला समोर बसवून सांगायला लागतं आणि तिच्या फोनलाही पिन लावायला लागतो.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा. भुसावळ, जळगावला एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ च्या पुढे जातो, दुपारी बाराला दारं लावली की संध्याकाळपर्यंत लेकरांना बाहेर सोडता येत नाही, आणि जूनमध्ये लावलेलं १ तासाचं लिमिट मे महिन्यात तसंच ठेवलं तर रोज रडारड. माझं मत असं की सुट्टीत वेळ वाढवावी पण दोन तुकड्यात, दुपारी एक आणि संध्याकाळी एक, आणि रात्रीची वेळ अजिबात हलवू नये, कारण गच्चीवर झोपायला गेलं की फोन पांघरुणात जातो आणि कोणाला दिसत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मामाच्या गावी चार-पाच मावसभाऊ जमले, झोके बांधले, तर फोनची आठवण कमी येते, ते चार दिवस लिमिटवरून वाद घालू नये. शाळा सुरू झाली की वेळ परत हाताने कमी करावी लागते, फोन स्वतःहून ऋतू ओळखत नाही.

किती वेळ योग्य याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ ला सांगितलंय की १ वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि २ ते ४ वर्षाला दिवसाला १ तासाच्या आत, कमी असेल तितकं चांगलं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला पण जवळपास तोच आहे, २ वर्षापर्यंत शून्य, ५ पर्यंत मोठ्यांच्या सोबत १ तास, ५ ते १० ला २ तासाच्या आत. म्हणजे बाळ जेवत नाही म्हणून कार्टून लावून घास भरवणं, जे आपल्याकडे घरोघरी चालतं, ते या हिशोबात बसत नाही.

पोरं लिमिट कसं चुकवतात हे पण माहिती पाहिजे. यूट्यूबला वेळ लावली की क्रोममधून यूट्यूब उघडतात, म्हणून ब्राउझरला पण वेळ लावायची. फोनची तारीख-वेळ बदलून बघतात. पिन टाकताना बोटं बघून ठेवतात, आणि बापाचं जन्मसाल किंवा गाडीचा नंबर पिन असेल तर बघायची पण गरज पडत नाही. फोन बंद झाला की टीव्हीवर तेच चालू, फोनचं लिमिट टीव्हीला लागत नाही. व्हॉट्सॲप शाळेच्या ग्रुपसाठी मोकळं ठेवलं तर आलेले व्हिडिओ त्यातच बघत बसतात, यावर शाळेचा ग्रुप आईच्याच फोनवर ठेवणं हाच उपाय मला चांगला वाटतो, तसंही व्हॉट्सॲपला वय १३ लागतं. आणि फॅमिली लिंक पोरगं कोणाशी काय बोलतंय ते मेसेज दाखवत नाही, तेवढं विचारून आणि सोबत बसूनच कळतं.

सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवाकडे रेंज जाते येते. तिथे एक लक्षात ठेवायचं, आधी लावलेलं लिमिट नेट नसताना पण चालू राहतं, पण नवीन बदल मात्र मुलाच्या फोनला नेट मिळाल्यावरच पोचतो. नेट नसताना लॉक उघडायचं असेल तर पालकाच्या ॲपमध्ये एक ॲक्सेस कोड दिसतो, तो टाकला की उघडतं.

सरकारी पातळीवर पण हालचाल आहे. चीनने २०२१ ला १८ खालच्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला रात्री ८ ते ९ एवढाच ठेवला. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ पर्यंत मूलच धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागेल असं म्हटलंय. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास गावभर टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या गावांत हे जमण्यासारखं आहे, ग्रामपंचायतीचा भोंगा किंवा मंदिराचा स्पीकर कुठे नाही, फक्त त्या दीड तासात ओट्यावर बसलेल्या मोठ्या माणसांनी पण फोन खिशात ठेवायला पाहिजे.

लिमिट लावताना मुलाला सोबत बसवून, त्याला विचारून लावावं, "तुला कोणत्या वेळी पाहिजे" एवढं जरी विचारलं तरी पोरगं चोरवाटा कमी शोधतं. वय वाढेल तशी वेळ थोडी थोडी सोडत जायची. १३ पूर्ण झाले की गुगल खात्यावरची देखरेख काढण्याचा विषय पुढे येतो, त्यामुळे सहावी-सातवीतच, म्हणजे लॉक हातात असतानाच, ॲपची वेळ मोकळी करून फक्त रात्रीचं कुलूप ठेवून बघावं आणि ते दोन-तीन महिने कसं चालतं ते मुलासोबत बसून बघावं.